कललेल्या पेल्यातलं दूध

फेब्रुवारी लागला की आमच्या कॉलेजात सगळेच एकमेकांकडे जरा तिरकं बघायला लागतात. परीक्षेचा हंगाम म्हणजे संशयाचा हंगाम. पोरांचे खिसे चाचपायचे, पट्ट्या उलट्या करून बघायच्या, पाण्याच्या बाटलीवरचं लेबल सोलून त्याची आतली बाजू तपासायची. पोरांना वाटतं आम्ही पेपर मुद्दाम अवघड काढलाय, आम्हाला वाटतं पोरांनी काहीतरी लपवलंय, आणि भरारी पथकवाल्यांना आम्हा सगळ्यांचाच भरवसा नसतो. मला या कामाचा कंटाळा येत नाही, हे सांगूनच टाकते. मी गणित शिकवते खरी, पण वर्गात पर्यवेक्षक म्हणून फेऱ्या घालणारी मी जास्त अस्सल असावी. हे रक्तातच आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, उभा जन्म दूध संकलन केंद्रावर दूध तपासण्यात घालवला.

यंदा हा हंगाम घरातही शिरलाय. आई गेल्यावर मंगळवार पेठेतल्या घराला कुलूप लावून मी अण्णांना आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर आणलं. इथं आल्यावर त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग आज वार कुठला ते, मग समोरचं माणूस कोण ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "यात कधी कधी संशय वाढतो, मनाला लावून घेऊ नका." अण्णांचा संशय मुळातच केवढा होता, याची त्या डॉक्टरांना काय कल्पना?

या महिन्यात त्यांनी दूध घेणं बंद केलं. मी पेला पुढं केला की आधी पेल्याकडं बघतात, मग माझ्याकडं.

"काय मिसळलंय यात?"

"काही नाही, अण्णा. साखरसुद्धा नाही."

"तुम्ही कोण, बाई? कुणी पाठवलंय तुम्हाला?"

भाकरीचा तुकडा मोडतात, हुंगतात आणि ताटात ठेवून देतात. गोळ्या उशीखाली जातात. गाल बसले, सदरा खांद्यावरून घसरू लागला. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. नळीतून काय जातंय हे अण्णांना दिसणारसुद्धा नाही, एवढा एकच विचार माझ्या मनात आला आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून रडले.

त्या दिवशी घरी आले तर माझी मुलगी सई शांकवाचा धडा घेऊन बसली होती. अकरावीला आहे ती. शंकू आडवा कापला की वर्तुळ, जरा तिरका कापला की लंबवर्तुळ, शंकूच्या कडेला समांतर कापला की अन्वस्त आणि त्याहून उभा कापला की अपास्त. तिच्या फोनवर हे सगळं चित्रात दिसतं. बोट सरकवलं की कापणारी पातळी कलते आणि वर्तुळ हळूहळू लांबट होतं. फार सुरेख दिसतं. म्हणूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"कशावरून ते लंबवर्तुळ आहे?" मी विचारलं.

"कशावरून म्हणजे? दिसतंय की."

"दिसतं ते सगळं खरं असतं होय?"

सईनं फोन पालथा ठेवला. "आई, तू ना, अण्णांची झेरॉक्स आहेस."

खोटं नाही बोलली ती. मीही अकरावीत असताना असाच हंगाम होता. सकाळी पंचगंगेवरून गार वारा यायचा, दुपारी डांबर तापायचं, बाजारात गुळाचा वास दाटलेला असायचा आणि पेठेतल्या घराघरांतून घोकंपट्टीचे आवाज यायचे. तेव्हा राजारामपुरीत गल्लीगणिक क्लास निघत होते. मला गणिताच्या क्लासला जायचं होतं आणि अण्णांना ते पटत नव्हतं, कारण तिथं पोरं-पोरी एकत्र बसत. आईनं बरेच दिवस मनधरणी केली तेव्हा कुठं त्यांनी परवानगी दिली, तीही एका अटीवर. "जा. पर एक खोटं सापडलं, की क्लास बंद. पुन्हा बोलायचं न्हाय."

अण्णांना खोटं सापडायचंच. भल्याभल्यांच्या कॅनमधलं पाणी त्यांनी शोधून काढलं होतं. लॅक्टोमीटर ते नावापुरता बुडवायचे. त्याआधी वासावरून आणि कॅन उतरवणाऱ्याच्या चेहऱ्यावरून त्यांचं मत झालेलं असायचं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. अण्णांचं तोंड रोजच पोळत होतं. सगळ्या जगात कुठं ना कुठं पाणी मुरतंय, या निष्कर्षावर ते कायमचे येऊन बसले होते. संकलनाचं दूध घरी आणायचे, पण स्वतः प्यायचे नाहीत. ते प्यायचे फक्त गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर.

परगावच्या माणसाला या कट्ट्याचं नवल वाटतं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, गवळी समोर बसून धार काढतो आणि फेसाळलेलं कोमट दूध लगेच गिऱ्हाइकाच्या हातात. लोक म्हणतात, कोल्हापूरकराला ताकदीचं वेड. मला वेगळीच शंका येते. हे गाव संशयी आहे. डोळ्यांदेखत निघाल्याशिवाय ते दूध आहे यावर त्याचा विश्वासच बसत नाही.

आठवड्यातून एकदा अण्णा मला तिथं न्यायचे. त्यांचा रिवाज ठरलेला होता. आधी गवळ्याला म्हणायचे, "चरवी पालथी घाल बघू." गवळी ओळखीचा असला तरी चरवी पालथी झालीच पाहिजे, आत थेंबभर पाणी नाही हे दिसलंच पाहिजे. मग धार निघायची. पेला हातात आला की ते फेस फुंकून बाजूला करायचे आणि पेला हळूहळू कलवायचे, दूध काठाला लागेपर्यंत. मग परत सरळ. पेल्याच्या आतल्या अंगाला दूध कसं चिकटून राहतं ते बघायचे. एक घोट घेऊन तोंडात धरायचे, गिळायचे, आणि मगच पेला माझ्याकडं यायचा. "घे. बघितलंय मी."

हे वाक्य ऐकल्याशिवाय मी कधी पेल्याला तोंड लावलेलं नाही.

तो कललेला पेला माझ्या डोक्यात असा बसला होता की क्लासमध्ये सरांनी फळ्यावर शंकू काढून त्याला तिरका छेद दिला, तेव्हा मला शंकू दिसलाच नाही. खाली निमुळता, वर रुंद असा स्टीलचा पेला दिसला आणि त्यातलं दूध. पेला कितीही कलवा, दूध आपली पातळी सोडत नाही. म्हणजे दूध हीच ती कापणारी पातळी. आणि मग मला ते पटेना. दुधाचं एक टोक पेल्याच्या रुंद बाजूला वर चढलेलं, दुसरं निमुळत्या बाजूला खाली उतरलेलं. मग वरचं टोक जास्त पसरट आणि खालचं टोक जास्त टोकदार व्हायला नको का? म्हणजे अंड्यासारखं? सर तर म्हणत होते दोन्ही टोकं अगदी सारखी.

मी हात वर केला. "सर, ते अंड्यासारखं का नाही?"

वर्ग हसला. सरांनी समीकरण मांडलं, वर्ग केले, पदं इकडची तिकडं नेली आणि शेवटी लंबवर्तुळाचं समीकरण आलं. मी वहीत उतरवून घेतलं. माझ्या हाताला ते पटलं, मला नाही. पुस्तकात तर त्या जागी 'हे उघड आहे' एवढंच छापलं होतं. पुस्तकात असं लिहिलेलं असलं की खुशाल समजावं, इथं कोणीतरी काहीतरी झाकलंय. आजही माझं हेच मत आहे.

अण्णांचीही माझ्यावर तशीच नजर होती. क्लास सुटायच्या सुमाराला समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर उजेडाचा एक कमानदार आकार सरकत यायचा, पुढं उघडा होत गेलेला. भिंतीला खेटून येणाऱ्या अण्णांच्या स्कूटरच्या दिव्याचा तो उजेड. मग दिवा विझायचा. अण्णा चहाच्या गाड्याआड उभे राहायचे आणि मी कुणाबरोबर बाहेर पडते ते बघायचे. त्यांना वाटायचं मला ठाऊक नाही. तो आकार म्हणजे अपास्त, हे पुढच्या आठवड्यात सरांनी शिकवलं. माझ्यावर पाळत ठेवणारी ती अपास्ताची कमान मी खिडकीतून रोज बघत होते आणि रोज मला अण्णांचा राग येत होता. मी काहीच वाईट करत नव्हते. कुणी सारखं संशयानं बघत राहिलं की आपल्यालाच वाटू लागतं, करत तर नाही ना?

एका संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, समीकरण कळलं, पण अंडं डोक्यातून जात नाही." सर चिडतील असं वाटलं होतं. ते हसले आणि मला वर त्यांच्या घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नीनं मुलाच्या खेळण्यातला टेबल टेनिसचा एक चेंडू आणि एक मोठा रबरी चेंडू आणून दिला. सरांनी जाड कागदाचा शंकू केला, भेळेच्या पुड्यासारखा, टोक खाली. तळात लहान चेंडू, त्यावर टेकलेला एक तिरका पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर मोठा चेंडू. दोन्ही चेंडू पुठ्ठ्याला एकेका ठिकाणी टेकलेले आणि शंकूच्या अंगाला सभोवार, कड्यासारखे चिकटलेले.

"आता या पुठ्ठ्याच्या कडेवर मुंगी बसली आहे असं समज," सर म्हणाले. "मुंगीपासून लहान चेंडूला नुसत्या स्पर्शून जाणाऱ्या सगळ्या सरळ रेषा सारख्याच लांबीच्या. मग पुठ्ठ्यावरून जा नाहीतर शंकूच्या अंगावरून जा, अंतर तेच. मोठ्या चेंडूचंही तसंच. म्हणजे पुठ्ठ्यावरच्या दोन टेकलेल्या बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज किती? शंकूच्या अंगावर या चेंडूच्या कड्यापासून त्या चेंडूच्या कड्यापर्यंत जेवढं अंतर आहे, तेवढी. आणि ते तर सगळीकडून सारखंच आहे. मुंगी कुठंही बसू दे, बेरीज बदलत नाही."

दोन खिळे, एक सैल दोरा आणि दोरा ताणून फिरवलेली पेन्सिल. त्यातून लंबवर्तुळ येतं हे मला माहीत होतं, आणि त्या दोन खिळ्यांत डावं-उजवं काही नसतं. चेंडू एक लहान आणि एक मोठा, तरी त्यांनी ठरवलेले दोन बिंदू मात्र बरोबरीचे. मला इतका आनंद झाला की मी हसत हसत घरी आले.

अण्णा उंबऱ्यात उभे होते.

"कुठं गेलतीस?"

"क्लासला."

"क्लास कवाच सुटला. सगळ्या पोरी घरला गेल्या. मी हुतो तिथं. कुठं गेलतीस?"

"सरांच्या घरी, वरच्या मजल्यावर. शंकू कापल्यावर अंड्याचा आकार का येत नाही, ते विचारायला."

अण्णांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, कॅन उतरवणाऱ्याकडं बघावं तसं. आमचं घर नृसिंहवाडीच्या दत्ताचं, गुरुवार पाळणारं. अंड्याचं नाव ऐकून आईसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी शंकू, पुठ्ठा, मुंगी सगळं भडाभडा सांगितलं. जेवढं जास्त सांगत गेले तेवढं ते खोटं वाटत गेलं, माझं मलाच.

"असलं बी कोण खोटं बोलतं व्हय?" आई म्हणाली.

"तेच की," अण्णा म्हणाले. "लई विचार करून रचलंय. उद्यापासनं क्लास बंद."

मी जेवले नाही. परीक्षा तोंडावर आली होती. पण क्लास गेला याच्यापेक्षा, खरं बोलूनही मी खोटी ठरले याचं दुःख मोठं होतं. ते मी अजून विसरलेले नाही.

सुटका झाली ती आईच्या घाईमुळं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी केंद्रावरून चीक आणला होता, नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा. खरवस करायला आईकडं भांडी कमी पडली, म्हणून तिनं घाईघाईनं एक उंच पेलाही भरून कुकरमध्ये ठेवला. तो आतल्या आत कलंडला आणि डब्याला टेकून तसाच तिरका शिजला. बाहेर काढला तर आतला खरवस कललेल्या पातळीतच घट्ट झालेला. आई कपाळाला हात लावून बसली. मी पेल्याकडं बघतच राहिले. दूध आपली पातळी सोडत नाही, आणि इथं तर ते त्या पातळीत गोठून बसलं होतं.

मी सुरीनं कड सोडवून तो अख्खा गड्डा तळहातावर घेतला. वहीचा कागद फाडला आणि गड्ड्याची तिरकी बाजू कागदावर अलगद टेकवून उचलली. कागदावर ओला, लांबट आकार उमटला. तो कागद मी अण्णांपुढं ठेवला.

"हे बघा. याचीच गोष्ट मी विचारायला गेले होते. एक टोक रुंद आणि एक अरुंद, असं दिसतंय का?"

अण्णांनी चष्मा लावला. कागद उजेडात धरला. मग म्हणाले, "असं न्हाय. कागद फिरव आणि परत त्यावरच ठेव."

मला ते सुचलं नव्हतं. टोकं सारखी नसतील तर उलट्या फिरवलेल्या कागदावर दुसरा ठसा पहिल्यावर बसणारच नाही, अंड्याचं पितळ उघडं पडेल. मी कागद अर्धा फिरवला. अण्णांनी गड्डा स्वतःच्या हातात घेतला, पहिल्यासारखाच धरला आणि जपून टेकवला. उचलला. दुसरा ठसा पहिल्यावर बरोबर बसला होता.

पेला तसा फार निमुळता नव्हता. अंडं असतं तरी थोडंसंच असतं, डोळ्याला कदाचित चकवा दिला असता. ही शंका मला तेव्हाही आली होती, पण मी ती बोलून दाखवली नाही. माझ्याकडं चेंडूंची सिद्धता होती. अण्णांना जी हवी होती ती त्यांच्या समोर कागदावर ओली होती.

त्यांनी ठशाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अंडं न्हाय ह्ये." आणि चष्मा काढत, माझ्याकडं न बघता, "उशीर होणार असंल तर सांगून जात जा."

क्लास चालू राहिला. भिंतीवरची उजेडाची कमान काही थांबली नाही, ती रोज यायचीच. पण आता अण्णा गाड्याआड न लपता समोर उभे राहायचे आणि मी स्कूटरवर मागं बसले की विचारायचे, "आज काय कापलं?" मी सांगायचे. ते ऐकायचे, आणि स्टेशन रोड येईपर्यंत एखादी खोट काढायचे. माझं गणित पक्कं झालं ते या प्रश्नांमुळं. सिद्धता म्हणजे तरी काय? समोरच्याच्या संशयाला मान देणं. 'तू विश्वास ठेव' असं न म्हणता 'तू फिरवून बघ' असं म्हणणं.

हे सगळं मी सईला सांगितलं. ती वही मिटून ऐकत होती. आतल्या खोलीत अण्णा खिडकीकडं तोंड करून बसले होते, संध्याकाळचा पेला तसाच स्टुलावर, वर साय धरलेली.

"मग तू त्यांना नुसतंच 'प्या, प्या' काय म्हणतेस?" सई म्हणाली. "त्यांच्या समोर काढलेलं दे की."

एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. रोज पिशवी स्वयंपाकघरात फोडायची, आत तापवायची आणि भरलेला पेला बाहेर आणायची. अण्णांच्या जागी मी असते तर मी तरी प्याले असते का?

आम्ही रिक्षा केली. अण्णा दांडीला घट्ट धरून बसले होते आणि दर वळणावर विचारत होते, "कुठं नेताय मला?" सई त्यांचा हात धरू गेली तर त्यांनी झटकला. गंगावेशीत उतरलो. शेणाचा, वैरणीचा आणि तापलेल्या म्हशींचा वास आला तसे ते थबकले. गवळी नवीन होता, पोरसवदा, अण्णांना न ओळखणारा. त्यानं बसकण घेतली आणि चरवी मांडीत धरली.

"पालथी घाल," अण्णा म्हणाले.

"आँ?"

"चरवी पालथी घाल म्हणतोय न्हवं."

कितीतरी दिवसांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. गवळ्यानं हसून चरवी पालथी केली, वर तळावर थापही मारली. "घ्या पावणं, बघा. थेंब न्हाय आत."

धार सुरू झाली. अण्णा वाकून बघत होते. पेला भरला, त्यांच्या हातात आला. त्यांनी फेस फुंकला आणि पेला कलवायला लागले. दूध काठाकडं सरकलं, वर्तुळाचं लांबट झालं. आता सांडणार, नाहीतर फेकणार, अशी मला धास्ती. त्यांनी पेला सरळ केला, आतल्या अंगावरचं दूध बघितलं आणि एक घोट घेतला. तोंडात धरला. थुंकतील, असं माझ्या मनात येऊन गेलं. माझं मन तेच तर करतं.

त्यांनी गिळला. मग दुसरा, तिसरा. अर्धा पेला संपवून मिशी पुसली आणि माझ्याकडं वळले. मला ओळखलं की नाही, मला ठाऊक नाही. मी त्यांच्या डोळ्यांत शोधत होते आणि मला काही कळत नव्हतं. त्यांनी पेला पुढं केला.

"घे. बघितलंय मी."

मी पेला घेतला. कलवून बघितला नाही. तसाच तोंडाला लावला.